कमावत्या वयाची मुलं घरात: नियम कसे ठरवायचे, कसे सांगायचे, कसे टिकवायचे

साताऱ्यात शाहूपुरीला जा, करंज्यात जा नाहीतर गोडोलीत, मोठी मुलं आईवडिलांबरोबर राहतात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. कुणाचा मुलगा पुण्यातली रूम सोडून परत आलाय. कुणाचा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत काही वर्षं काढून आता इथल्या अभ्यासिकेत बसतो. कुणाची मुलगी घरून काम करते, चांगलं कमावते, पण जेवलेलं ताट तिथेच ठेवून उठते. आपल्याकडे मुलं तिशीपर्यंत घरी राहतात, लग्नानंतरही राहतात, त्यात वावगं काहीच नाही. मुलगा सव्वीस वर्षांचा झाला तरी घरातली त्याची जागा दहावीतल्या पोराची राहते, तिथे घर कुरकुरायला लागतं. आई डबा भरते, वडील पेट्रोलला पैसे देतात, आणि पैसे देतो म्हणून ‘कुठे होतास, कुणाबरोबर होतास’ हेही विचारतात. मुलाला सवलत लहानपणाची हवी असते आणि मोकळीक मोठेपणाची. आईवडिलांना त्याने जबाबदारी मोठ्यासारखी घ्यायला हवी असते आणि ऐकायचं मात्र लहानासारखं. या दोन्ही गाठी एकदमच सोडवाव्या लागतात.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगते. नियम असा करा की तो पाळणं तुमच्या हातात असेल. ‘तू सातला उठलंच पाहिजेस’ हे तुमच्या हातात नाही, त्यावर रोज वाद होईल आणि रोज तुम्हीच हराल. ‘नऊनंतर मी नाश्त्याला उभी राहणार नाही, पोहे झाकून ठेवलेले असतील, गरम करून घे’ हे पूर्ण तुमच्या हातात आहे. रात्रीचंही तसंच. कितीतरी घरांत साडेअकरापर्यंत आई जागी असते, ताट झाकलेलं असतं, गाडीचा आवाज आला की भाकरी तव्यावर पडते. साडेनऊला स्वयंपाकघर आवरून झोपायचं, आलेल्याने स्वतः वाढून घ्यायचं आणि भांडी घासून पालथी घालायची, एवढं जरी ठरलं तरी घरातली अर्धी चिडचिड कमी होते.

आधी दोघांचं एक होऊ द्या

मुलाशी बोलण्याआधी नवरा-बायकोने बोलायचं. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि नियम इथेच गळतो. वडील दिवसा म्हणतात ‘एक रुपया मिळणार नाही’, आणि रात्री आई भिशीच्या पैशांतून पाचशेची नोट हातात ठेवते, ‘पप्पांना सांगू नको’ म्हणते. कधी उलटंही असतं. आई कडक असते आणि वडील तिला न सांगता मुलाच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहून येतात. घरात आजी असेल आणि तिला पेन्शन असेल तर तिसरी वाटही उघडी असते. ज्या मुलाला अशी वाट ठाऊक आहे, त्याच्यासाठी नियम फक्त बोलण्यापुरता असतो.

घरात बोलणं होत नसेल तर संध्याकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जा आणि तिथे बोला. तीन गोष्टी ठरवा: दर महिन्याला पैसे किती आणि कुणी द्यायचे, घरातलं कोणतं काम पूर्णपणे मुलाकडे जाणार, आणि हे कोणत्या तारखेपासून. तीनच. दहा नियम केलेत तर एकही टिकत नाही. आणखी एक पथ्य पाळा. दोघांतला जो मनाने मऊ आहे, त्याला झेपेल एवढाच नियम करा. वडिलांना वाटतं मोबाईलचा रिचार्जही बंद करावा, पण आईला ते दोन दिवसही बघवणार नाही हे दोघांना माहीत असतं. मग तो नियम करूच नका. सौम्य असला तरी पाळला जाणारा नियम कडक आणि मोडणाऱ्या नियमापेक्षा कितीतरी चांगला. आजी-आजोबांनाही विश्वासात घ्या, त्यांना बैठकीतून वगळलं तर तेच पहिले फितूर होतील.

महिनाभर नुसतं लिहून काढा

अंदाजाने मागितलेला आकडा मुलाला दंड वाटतो, वहीतला आकडा वाटत नाही. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर खर्च: किराणा, दूध, भाजी, गॅस, महावितरणचं बिल, नेट, कामवाल्या मावशींचा पगार. घरकर्जाचा हप्ता आणि तुमची औषधं त्यात धरू नका, ते मुलावर टाकायचं नाही. उजव्या पानावर काम: पाणी कुणी भरलं, सिलिंडरचा नंबर कुणी लावला, आजीला दवाखान्यात कुणी नेलं, कपडे वाळत कुणी घातले. महिना संपला की उजवं पान आधी वाचा. बहुतेक घरांत त्यावर एकाच बाईचं नाव पुन्हापुन्हा येतं, आणि हे वडिलांनाही तेव्हाच पहिल्यांदा दिसतं.

किती मागायचं

समजा घरात चार माणसं आणि चालू खर्च अठ्ठावीस हजार. माणशी सात हजार पडले. कमावत्या मुलाकडून किंवा मुलीकडून एवढे घ्यायला हरकत नाही. एमआयडीसीत पहिलीच नोकरी असेल आणि हातात पंधरा हजार येत असतील तर सात जड होतील, तिथे पगाराचा तिसरा हिस्सा धरा. रक्कम ठरलेली हवी, तारीखही ठरलेली हवी, पगार झाल्यावर दोन दिवसांत आईच्या खात्यात. ‘लागतील तसे देत जाईन’ यावर थांबू नका, कारण मग प्रत्येक वेळी मागावं लागतं आणि मागणाऱ्याची मान खाली जाते. वीजबिल किंवा नेटचं बिल त्याच्या नावावर करून टाकणं सोपं वाटतं, पण मला ते पटत नाही. तो विसरला की अंधार सगळ्यांच्या घरात होतो आणि शेवटी तुम्हीच भरता.

‘पोटच्या पोराकडून पैसे घ्यायचे?’ हा प्रश्न आईच्या मनात येतोच. ज्यांच्या घरी शेती होती त्यांनी आठवून बघावं, पोरं पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जात होती, वैरण आणत होती, आणि त्याला कुणी व्यवहार म्हणत नव्हतं. या जिल्ह्याला तर हे नवीन नाहीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती स्वावलंबी शिक्षणाचं ब्रीद घेऊन. वसतिगृहातली मुलं कष्टाची कामं करत शिकली. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर चाललं. गरीब घरातल्या पोरांना हातांनी काम करून शिकायला लावणारा माणूस त्या पोरांवर कमी माया करत होता, असं इथलं कुणी म्हणणार नाही.

न कमावणाऱ्याने काम द्यायचं, आणि ‘मदत’ नव्हे, आख्खं काम. ‘आईला जरा मदत कर’ म्हटलं की लक्षात ठेवणं आईकडेच राहतं. त्याऐवजी गुरुवार आणि रविवारचं रात्रीचं जेवण त्याचं: काय करायचं ते ठरवणं, भाजी आणणं, शिजवणं, ओटा पुसणं, सगळं. किंवा आजीचा दवाखाना त्याचा: तारीख, गोळ्या, फाईल, रिक्षा. पहिले काही आठवडे पिठलं पातळ होईल, भात करपेल. तेव्हा उठून हातातला झारा घेऊ नका. मुलगा आणि मुलगी यांना माप एकच लावा. बहीण नोकरीही करते आणि पोळ्याही लाटते, आणि भाऊ नोकरी शोधतोय म्हणून त्याला काहीच नाही, अशी घरं मी पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या घरात आधी हेच सुधारा, पैशाचं नंतर.

बोलायचं कसं

भांडण चालू असताना नाही, तो रात्री दमून आल्यावर नाही, सणाला नाही, मामा-काकांना बोलावून तर अजिबात नाही. एक दिवस आधी सांगा: ‘रविवारी सकाळी पप्पांना आणि मला तुझ्याशी अर्धा तास बोलायचंय. भांडायचं नाहीये, घराचं ठरवायचंय.’ रविवारी चहा झाला की टीव्ही बंद, वही समोर. सुरुवात आईने केली तर बरं, कारण आई ठाम राहू शकते हे मुलाने पाहिलेलं नसतं.

‘तू सव्वीसचा झालास. आम्ही अजून तुला शाळेतल्या पोरासारखं वागवतोय, ते आता थांबवतोय. पुढच्या महिन्यापासून तीन गोष्टी बदलतील.’ तीन गोष्टी सांगा, वही दाखवा आणि गप्प बसा. मग जे येतं ते साधारण ठरलेलं असतं.

‘म्हणजे मी आता भाडेकरू का?’
‘भाडेकरूला आम्ही घरची वही दाखवत नाही. तू घरातला आहेस, म्हणून घर चालवण्यात तुझा वाटा.’

‘बाकीच्यांच्या घरी कुणी मागत नाही.’
‘त्यांच्या घरचं त्यांना माहीत. आपलं हे आहे.’

‘मग मी जातोच घर सोडून.’

या वाक्याला बहुतेक आया मागे सरतात. त्यामुळे उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि आवाज न चढवता द्या: ‘तुला वेगळं राहायचं असेल तर खोली बघायला आम्ही मदत करू, डिपॉझिटलाही एकदा हातभार लावू. राहिलास तर आनंदच आहे, पण हे तीन पाळून.’ यापुढे काही बोलू नका. ‘आम्ही तुझ्या वयात’ हे वाक्य, चुलत भावाचा पगार आणि डोळ्यातलं पाणी, यातलं काहीही आलं की नियम बाजूला राहतो आणि जुनं भांडण सुरू होतं.

त्याचं म्हणणं रास्त असेल तर बदल करा. पाच तारखेला पगार होत नाही, दहाला होतो म्हणाला तर दहा लिहा. शेवटी ठरलेलं कागदावर घ्या किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तारखेसकट, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसायची तारीखही त्यातच.

तुमची पावलं कुठे थांबतील

त्याच बैठकीत त्यालाही विचारा: ‘आमचं काय खटकतं?’ आणि उत्तर ऐकून घ्या. मोठं माणूस म्हणून पैसे मागितले तर मोठं माणूस म्हणून वागवावंही लागतं. खोलीचं दार वाजवून आत जायचं. कपाट आवरायचं नाही, फोन उघडायचा नाही, पगाराचा उरलेला हिस्सा कुठे जातो ते विचारायचं नाही. ‘जेवायला आहेस का, उशीर होणार असेल तर कळव’ एवढं विचारायचा हक्क एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाला आहे, मुलीला आणि मुलाला सारखाच. ‘कुणाबरोबर होतीस’ हा प्रश्न त्यात बसत नाही.

आणि लग्नाचं. मुलीचा किंवा मुलाचा बायोडेटा त्यांना न विचारता वधू-वर गटात टाकू नका, परस्पर पाहुणे बोलावू नका. ‘लग्न झालं की सुधारेल’ या आशेवर जबाबदारी न शिकलेल्या मुलाचं लग्न लावणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर देणं आहे.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर

इथे आईवडील सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण मुलगा आळशी नसतो, खरंच अभ्यास करत असतो. एमपीएससीला वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. म्हणजे थांबायची रेघ आयोग लवकर ओढत नाही, ती घरातच ओढावी लागते. किती वर्षं हे मुलाबरोबर बसून ठरवा, आणि तो नापास झालेला असताना ठरवू नका, पुढची जाहिरात यायच्या आधी ठरवा. त्याला विचारा: पूर्व परीक्षेत कटऑफपासून किती गुणांनी राहिलास? दरवर्षी अंतर कमी होतंय का? राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नांवर तयार झालेल्याला लिहिण्याचा सराव नव्याने करावा लागतो. तो करतोय का, हे त्याच्या वहीत दिसतं.

मुदत ठरली की तोपर्यंत अभ्यासिकेची फी, पुस्तकं आणि जेवण तुमचं. बाकीचा हातखर्च त्याने शिकवण्या घेऊन किंवा अर्धवेळ काम करून काढायचा. रोज दोन तास मुलांना गणित शिकवून अभ्यास बुडत नाही. उलट दिवसाला आकार येतो आणि पाहुण्यांसमोर मान वर राहते. मुदतीनंतर परीक्षा द्यायला बंदी नाही, पण नोकरी करत द्यायची. पर्यायी वाट आजच शोधून ठेवायला सांगा. शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत काय लागतं, आपल्या पदवीवर आणखी कोणता छोटा कोर्स करता येईल, याची चौकशी मुदत संपल्यावर करायची नसते.

धंद्याला भांडवल आणि बँकेतली सही

‘पप्पा, पाच लाख द्या, कॅफे टाकतो’ याला नकार देण्याआधी एक कसोटी लावा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालतो, त्यात अनुदान मिळतं आणि अर्जदाराला स्वतःचे ५ ते १० टक्के घालावे लागतात. प्रकल्प अहवाल त्याने करायचा, उद्योग केंद्रात आणि बँकेत हेलपाटे त्याने मारायचे, स्वतःचा हिस्सा त्याने साठवायचा. एवढं केलं तर तुम्हीही थोडं घाला. जे पैसे बुडाले तरी तुमचं म्हातारपण अडणार नाही, तेवढेच. राहतं घर आणि निवृत्तीची रक्कम यांना हात नाही.

जामीन राहताना सही करण्याआधी हे लक्षात ठेवा: भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक तुमच्या दारात येते. मोबाईल ॲपवर काढलेलं कर्ज एकदा फेडलंत तर तेव्हाच स्पष्ट सांगा की दुसऱ्यांदा फेडणार नाही. तुमचं एटीएम कार्ड आणि यूपीआय पिन त्याच्याकडे असेल तर आजच पिन बदला.

घर कुणाच्या नावावर

हा विषय बैठकीत काढू नका, पण तुम्हाला माहीत हवा. हिंदू कायद्यानुसार सज्ञान, धडधाकट मुलाला पोसण्याचं बंधन आईवडिलांवर नाही. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर आहे, आणि अपंगत्व असलेल्या अपत्याची गोष्टही वेगळी. तुमच्या कमाईच्या घरात सज्ञान मुलगा राहतो तो तुमच्या परवानगीने, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलं. वडिलोपार्जित मिळकत असेल तर त्यात मुलाचा आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही जन्मतः हक्क आहे. घरात सून असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात संरक्षण आहे. त्यामुळे ‘दोघं निघा’ असं रागात म्हणण्याआधी वकिलाला भेटा.

प्रेमापोटी हयातीतच बक्षीसपत्र करून देऊ नका. द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात लेखी घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर हस्तांतर रद्द करून मागता येतं. प्रकरण प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतं.

लग्न झालेला मुलगा सुनेसह राहत असेल तर पैशाचं आणि कामाचं बोलणं मुलाशी आणि सुनेशी दोघांशी एकत्र करा. मुलाचा आळस सुनेच्या खात्यावर लिहू नका.

नियम मोडला की

मोडणारच, बहुधा दुसऱ्या महिन्यात. पैसे आले नाहीत तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी एकदाच विचारा. तिसऱ्या दिवशी आधी ठरवलेलं करा: धुणं वेगळं, डबा बंद, गाडीची चावी कपाटात. जेवण मात्र तोडू नका. भुकेने कुणी जबाबदार होत नाही, आणि आईला ते कधीच निभत नाही. त्याने मन दुखावणारं काही बोललं तर ‘यावर उद्या बोलू’ म्हणून उठा. नियम सलग पाळला गेला तर तेही बोलून दाखवा, आपल्या घरांत कौतुक करायला फार उशीर होतो.

जिथे हे सगळं बाजूला ठेवायचं

मूल आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर येत नसेल, अंघोळ-जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तो आळस समजू नका. नियम, पैसे सगळं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. दारू किंवा अमली पदार्थ असतील तर १४४४६ वर व्यसनमुक्तीची माहिती मिळते. तिथे रोख रक्कम हातात देणं ताबडतोब बंद करा. हात उचलला गेला, वस्तू फोडल्या, धमकी दिली, तर ११२ लावा, शेजारी काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. साठी ओलांडलेल्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

तीन महिन्यांनी

ठरलेल्या तारखेला खरंच बसा. पगार वाढला असेल तर रक्कम वाढवा, नोकरी गेली असेल तर ती थांबवून काम द्या. आणि त्याने स्वतःच वेगळी खोली घ्यायचं ठरवलं तर तो तुमचा पराभव मानू नका. गादी, कुकर, दोन पातेली द्या, डिपॉझिटचं कबूल केलं असेल ते द्या, घराची किल्ली त्याच्याकडे राहू द्या. रविवारी जेवायला बोलवा. धुणं मात्र त्याचं त्याने तिथेच धुवायचं.